गवत, गायी आणि साडेपाच हजार माणसं

पुणे जिल्हा डोळ्यांसमोर आणा. एका टोकाला लोणावळ्याचा घाट, दुसऱ्या टोकाला इंदापूर, वर जुन्नर, खाली भोर. क्षेत्रफळ १५,६४३ चौरस किलोमीटर. आता त्यातून पुणे काढा, पिंपरी-चिंचवड काढा, चाकणचे कारखाने, बारामतीचा ऊस, खडकवासल्याला रविवारी कणसं खायला जमणारी गर्दी, सगळं काढा. २०११च्या जनगणनेतली ९४ लाख माणसं उचलून बाजूला ठेवा आणि साडेपाच हजार तेवढी परत सोडा. त्यातली निम्मी एकाच गावात. बाकीच्या माळावर दीड लाखाच्या आसपास गायी सोडल्या की झाली चेरी काउंटी.

ही काउंटी, म्हणजे तिकडचा जिल्हाच, अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात, अगदी वरच्या कडेला, साउथ डकोटाला खेटून आहे. आकार जवळपास पुणे जिल्ह्याएवढाच, कनेटिकट नावाच्या अख्ख्या राज्यापेक्षा मोठा. २०२०च्या जनगणनेत इथे ५,४५५ माणसं मोजली गेली, म्हणजे चौरस मैलाला एक माणूससुद्धा धड वाट्याला येत नाही. आम्ही ओमाहात राहतो. ओमाहाही नेब्रास्कातच, पण राज्याच्या पूर्व टोकाला, आणि तिथून चेरी काउंटीचं मुख्य गाव व्हॅलेंटाइन तीनशे मैल लांब. ओमाहातल्या लोकांना ‘व्हॅलेंटाइनला चाललोय’ म्हटलं की ते विचारतात, ‘तिकडे काय आहे?’ प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर एका वाक्यात येत नाही. मी काही वर्षं संधी मिळेल तेव्हा तिकडे जाते, तरी माझंही येत नाही.

पहिल्यांदा गाडीतून पाहिलं तेव्हा नवऱ्याने जे म्हटलं तेच बहुतेक सगळे म्हणतात: केवढी जागा फुकट गेली! टेकड्यांमागून टेकड्या, त्यांच्यावर गवत, मध्येच एखादी पवनचक्की, आणि वीस-वीस मैल घर नाही. समोरून येणारा ट्रकवाला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून रामराम करतो. ओळख असायची गरज नाही. इतक्या वेळाने माणूस दिसल्यावर ओळख न दाखवणं हाच उद्धटपणा ठरेल.

या टेकड्या वाळूच्या आहेत. सँडहिल्स म्हणतात या प्रदेशाला. पश्चिम गोलार्धातला हा सगळ्यात मोठा वाळूच्या टेकड्यांचा पट्टा, पन्नास हजार चौरस किलोमीटरच्या घरात, आणि चेरी काउंटीचा बहुतेक भाग त्यातच येतो. काही टेकड्या चारशे फुटांपर्यंत चढतात. वाऱ्याने रचलेलं हे वाळवंटच; फक्त वर गवत धरलंय म्हणून जागच्या जागी थांबलेलं. ते धरलेपण किती पातळ आहे ते ‘ब्लोआउट’ पाहिला की कळतं. गुरांच्या वाटेने किंवा एखाद्या टायरच्या चाकोरीने गवताला भोक पडतं, वारा त्यात बोट घालतो आणि बघता बघता उघड्या वाळूचा खळगा तयार होतो. एका कुंपणाच्या कडेला असाच एक खळगा मी जवळून पाहिला. कडेची माती हातभर तुटलेली, आणि त्या तुटलेल्या काठावरून गवताची मुळं बाहेर लोंबत होती. वर वीतभर दिसणारं गवत खाली कितीतरी खोल गेलेलं. खळग्यात शेतकऱ्याने जुने टायर टाकून ठेवले होते, वाळू पळू नये म्हणून. त्यातल्या एका टायरमध्ये गवताची चार पाती पुन्हा फुटलेली दिसली. हा सगळा खटाटोप पुढची कित्येक वर्षं चालणार.

पाऊस साधारण वीस इंच, म्हणजे आपल्या बारामती-इंदापूरइतकाच. पण तिथली काळी माती आणि इथली वाळू यांत जमीन-अस्मानाचा फरक. इथे पडलेलं पाणी वाहून जातच नाही, जिरतं. खाली ओगलाला नावाचा प्रचंड भूजलसाठा आहे, आणि त्याचा मोठा वाटा या टेकड्यांखालीच आहे. दोन टेकड्यांमधली जमीन पुरेशी खोल असेल तिथे ते पाणी आपसूक वर येऊन तळं होतं. कोरड्या वाळूच्या टेकडीवरून उतरावं आणि खाली बदकं पोहताना दिसावीत! नद्याही अशाच झिरपलेल्या पाण्यावर वाहतात, त्यामुळे त्यांना ना धड पूर येतो ना त्या आटतात. पाणी आहे, ऊन आहे, जमीन तर अफाट आहे. मग माणसं का नाहीत?

याचं उत्तर गायीच्या पोटात आहे. नांगर घातला की वाळू उडते, म्हणून इथे पीक म्हणजे गवतच, आणि गवत खाऊन पैसे करणारा प्राणी म्हणजे गाय. एक गाय आणि तिचं वासरू यांना वर्षभर पोसायला इथे पंधरा ते पंचवीस एकर लागतात. मधला वीसचा आकडा धरू. एका कुटुंबाचं बरं चालायचं तर चारेकशे गायी हव्यात. म्हणजे आठ हजार एकर, अर्थात बत्तीस चौरस किलोमीटर. काउंटीच्या एकूण जमिनीला त्याने भागलं तर पाचशेच्या आत कुटुंबं येतात. घरटी पाच माणसं धरली तर चोवीसशे. त्यांना लागणारी शाळा, दवाखाना, बँक, गुरांचा लिलाव, ट्रॅक्टरची दुरुस्ती, कोर्टकचेरी हे सगळं चालवणारं व्हॅलेंटाइन गाव, लोकसंख्या २,६३३. आणि रस्त्यालगतच्या पाच-सहा चिमुकल्या गावांतली काही शे. बेरीज करा. पाच-साडेपाच हजारांच्या आसपासच येते. पाठकोऱ्या कागदावर मांडलेला हा कच्चा हिशेब आहे, पण तो मांडला तेव्हापासून मी या काउंटीला रिकामी म्हणायचं सोडलं. ती भरलेली आहे. तिच्यात मावतात तेवढी माणसं आहेत.

आपल्याकडच्या गवताळ माळांनाही सरकारी नकाशात ‘पडीक’ म्हणूनच रंग दिलेला असतो. सासवड-बारामती पट्ट्यातला धनगर आणि लांडगा या दोघांनाही त्या रंगाची किंमत मोजावी लागते. तो विषय वेगळा आहे आणि मोठा आहे. पण गवताला ‘काहीच नाही’ समजायची खोड जगभर सारखीच दिसते.

हा हिशेब कळायला अमेरिकन लोकांना बराच वेळ लागला, आणि त्याची किंमत दर वेळी दुसऱ्याच कुणीतरी चुकवली. आधी लकोटा आणि पॉनी या इथल्या मूळ रहिवाशांची ही शिकारीची भूमी. १८८०च्या सुमारास लकोटांवर नजर ठेवायला सैन्याने फोर्ट नायोब्रारा हा तळ उभारला. काउंटीचं नाव चेरीच्या फळावरून नाही, त्या तळावरच्या सॅम्युअल चेरी या लेफ्टनंटवरून आहे. १८८१ मध्ये दरोडेखोरांच्या मागावर असताना त्याच्याच तुकडीतल्या एका शिपायाने त्याला गोळी घातली. व्हॅलेंटाइनचाही प्रेमाशी काही संबंध नाही, एडवर्ड व्हॅलेंटाइन नावाचा एक खासदार होता. तरी फेब्रुवारीत देशभरातून लोक इथल्या पोस्टात पाकिटं पाठवतात, गावाचा शिक्का मारून घ्यायला. सैन्याचा तळ पुढे बंद झाला. १९१२ मध्ये तिथे अभयारण्य झालं आणि कुणा एकाने दान दिलेले सहा बायसन (अमेरिकेतले रानगवे), सतरा एल्क आणि दोन हरणं आणून सोडली. ज्या बायसनवर लकोटांचं सगळं जगणं उभं होतं, ते या माळावरून संपवून झाल्यावरचं हे दान.

सैन्यामागून गुरांचे मोठे मालक आले. जमीन सरकारी, गवत फुकट. स्पेड रँच या नावाखाली बार्टलेट रिचर्ड्स आणि विल्यम कॉमस्टॉक यांनी सरकारी जमिनीभोवतीच काटेरी तार ओढून घेतली. खटला झाला आणि १९०५ मध्ये शिक्षा सुनावली गेली: तीनशे डॉलर दंड आणि सहा तास मार्शलच्या ताब्यात. सहा तास! राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट भडकले, नव्याने खटला उभा राहिला, या वेळी वर्षाची कैद झाली. ती भोगत असतानाच १९११ मध्ये रिचर्ड्स वारला. त्याने गवत चोरलं हे खरंच. पण एवढ्या वाळूवर माणसाने किती जमीन घेऊन बसावं याचा अंदाज वॉशिंग्टनपेक्षा त्याला जास्त बरोबर होता, असं मला राहून राहून वाटतं.

कारण वॉशिंग्टनने केलं काय, तर १९०४ मध्ये किंकेड कायदा आणला. मोझेस किंकेड हा इथलाच खासदार. आधीच्या कायद्यात एका कुटुंबाला १६० एकर मिळत. त्यात इथे धड दहा गायीही पोसायच्या नाहीत, हे त्याला माहीत होतं. म्हणून पश्चिम नेब्रास्कातल्या ३७ काउंट्यांसाठी त्याने ते ६४० एकर केले. अट एवढीच की पाच वर्षं राहा आणि जमिनीत काही सुधारणा करून दाखवा. झुंबड उडाली. लोकांनी गवताची ढेकळं मुळांसकट कापून त्यांच्या भिंती रचल्या, नांगर जुंपले, मका पेरला. १९२०च्या जनगणनेत चेरी काउंटीची लोकसंख्या अकरा हजारांच्या वर गेली होती, आजच्या दुप्पट. वरचं गणित आठवा. ६४० एकर म्हणजे बत्तीस गायी. कुणाचं घर चालणार त्यात? नांगरलेली वाळू उडाली, दुष्काळ पडला, भाव कोसळले, आणि एकेक जण शेजारच्या मोठ्याला जमीन विकून चालता झाला.

त्यातल्या एका वस्तीची गोष्ट मला फार धरून बसली आहे. काउंटीच्या दक्षिणेला, नॉर्थ लूप नदीच्या काठी १९०७ मध्ये डीविटी नावाचं गाव वसलं. वसवणारी सगळी कृष्णवर्णीय कुटुंबं. त्यांच्यातल्या काहींचे आईबाप गुलामगिरीतून निसटून कॅनडातल्या ओंटारिओत पोचले होते, आणि ही मुलं जमिनीसाठी उलट दक्षिणेला आली होती. शंभरावर माणसं, चर्च, शाळा, बेसबॉलची टीम. मुलं शिकलीच पाहिजेत हा दंडक. शेजारच्या ब्राउनलीमधल्या गोऱ्या लोकांशी संबंध चांगले, सहली एकत्र. पोस्ट ऑफिसचं नाव पुढे बदलून ऑडेशस केलं गेलं, म्हणजे धीट, किंवा जरा आगाऊच. नेब्रास्कात खेड्यातली कृष्णवर्णीयांची वस्ती म्हणून सगळ्यात मोठी आणि सगळ्यात जास्त टिकलेली हीच. पण वाळूला माणसाचा रंग कळत नाही. १९३०चं दशक अर्धं सरेपर्यंत गाव उठलं होतं. ८३ क्रमांकाच्या महामार्गालगत आता एक ऐतिहासिक फलक आहे, तोही २०१६ मध्ये लागला. फलकापाशी उभं राहून दरीकडे पाहिलं तर दिसतं काय? गवत. ढेकळांच्या भिंती पुन्हा जमिनीतच मिसळल्या.

मला इथे कुठली बाजू घ्यावी कळत नाही. नांगर उठले म्हणून टेकड्या वाचल्या. बाकी बहुतेक प्रेअरी, म्हणजे मूळची गवताळ मैदानं, मका-सोयाबीनखाली गेली असताना इथलं मूळ गवत अजून शाबूत आहे, वसंतात प्रेअरी कोंबडे अजून नाचतात. पण ते वाचलं ते स्वप्नं मोडलेल्या माणसांच्या जाण्याने. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

उरले त्यांचं जगणं कसं आहे, हे पाहुणीला जितकं दिसतं तितकंच सांगते. पहिला नियम: कुणाला ‘तुमची जमीन किती, गायी किती’ असं विचारायचं नाही. तो बँकेत शिल्लक किती विचारण्यासारखा प्रकार आहे. मी हे आधीच ऐकून होते म्हणून वाचले. मे महिन्यात वासरांना डाग द्यायचे असतात तेव्हा आसपासच्या सगळ्या घरांतून माणसं येतात. घोड्यावरून वासरू दोरीने ओढून आणणारे, पाडणारे, लस टोचणारे, तापलेली डागणी घेऊन उभे असलेले. केस जळाल्याचा वास, धूळ, हंबरडे. कुणी कुणाला मजुरी देत नाही. आज यांच्याकडे, परवा त्यांच्याकडे. आपला इर्जिक ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं समजावून सांगायला नको. दुपारी जेवण घालायचं ते मात्र भरपूर, आणि त्याबद्दल मागाहून बरंच बोललं जातं.

हिवाळा वाईट. जानेवारी १९४९च्या हिमवादळात सैन्याला रस्ते मोकळे करायला यावं लागलं होतं, विमानातून गुरांसाठी गवताचे गठ्ठे टाकले होते. त्या वेळी पोरसवदा असलेल्यांच्या तोंडी ते वादळ काल झाल्यासारखं असतं. एरवीही दवाखाना साठ-सत्तर मैलांवर असणं नेहमीचंच, आणि रुग्णवाहिकेवरचे लोक म्हणजे पगारी नोकर नसून शेजारचाच कुणीतरी, हातातलं काम टाकून आलेला. घड्याळंही दोन. काउंटीचा पूर्व भाग एका प्रमाणवेळेत, पश्चिम भाग तासाभराने मागे. पश्चिमेकडच्या मेरिमन गावातल्या माणसाला व्हॅलेंटाइनच्या कचेरीत नऊला पोचायचं तर त्याच्या घड्याळात आठ वाजलेले असतात. त्या मेरिमनजवळच ईव्हा बोरिंग राहायच्या. नवऱ्यामागे त्यांनी गुरांचा सगळा बारदाना सांभाळला आणि १९५४ मध्ये काही महिने अमेरिकेच्या सिनेटमध्ये बसल्या. नेब्रास्काच्या पहिल्या महिला सिनेटर. त्यांचं कुरण आता राज्याचं ऐतिहासिक उद्यान आहे.

पर्यटकासाठी म्हणाल तर नायोब्रारा नदी आहे, स्मिथ फॉल्स हा राज्यातला सगळ्यात उंच धबधबा आहे. कोल्हापूर-साताऱ्याकडचा माणूस त्याला ओहोळ म्हणेल, पण ते सोडा. गुरांना पाणी पाजायचा पत्र्याचा गोल हौद नदीत सोडून, त्यात बसून वाहत जायचं, हा इथला लाडका खेळ. मेरिट तलावावर १९९४ पासून दर उन्हाळ्यात आकाशवेडे जमतात. तिथे आकाशगंगा दाखवावी लागत नाही.

माझी आवडती जागा मात्र कोडी. २० क्रमांकाच्या महामार्गावरचं गाव, वस्ती दीडशेच्या आसपास. वेशीवरच्या पाटीचा आशय असा की हे गाव इतकं चिवट आहे की मरणार नाही. गावात किराणा दुकान उरलं नव्हतं. दूध आणायचं तरी व्हॅलेंटाइन गाठायचं, अडतीस मैल. मग शाळेने ठरवलं की दुकान आपणच काढू. विद्यार्थ्यांनी पेंढ्याच्या गठ्ठ्यांच्या भिंतींची इमारत उभारायला हात लावला, २०१३ मध्ये दुकान सुरू झालं, आणि ते चालवतातही शाळेतली मुलंच, धंद्याचा अभ्यास म्हणून. नाव सर्कल सी मार्केट. भिंतीच्या जाडीमुळे खिडकीचा कोनाडा इतका खोल की त्यात माणूस मांडी घालून बसेल. मी गेले तेव्हा गल्ल्यावर पंधरा-सोळा वर्षांची मुलगी होती. माझ्या टोपलीतली कोथिंबिरीची जुडी तिने उलटसुलट करून पाहिली, एक पिवळी काडी दिसली तशी आत जाऊन दुसरी जुडी आणून दिली आणि पहिली एका वहीत लिहून ठेवली. ‘वाया गेलेला माल’ असा रकाना होता त्या वहीत, हाताने आखलेला. ओमाहातल्या मोठ्या दुकानांत मला इतक्या जबाबदारीने कुणी कोथिंबीर विकलेली नाही.

अर्थात त्या मुलीने पुढे काय करायचं? जमीन विकत घेऊन गायी पाळणं तर तिच्या आवाक्यातलं नाही. कुरणं विकायला निघाली की घेणारा एक तर शेजारचा मोठा असतो, नाही तर फार लांबचा. सीएनएनचे संस्थापक टेड टर्नर यांनी या टेकड्यांमध्ये लाखो एकर घेतले आणि गायींच्या जागी बायसन सोडले. गवताला त्यात काही वावगं नाही, उलट ते बायसनला जुनं ओळखतं. पण मालक इथे राहत नाही, मालकाची पोरं इथल्या शाळेत येत नाहीत. दोन कुरणं एक झाली की गायी तेवढ्याच राहतात, गवत तेवढंच राहतं, फक्त एक घर बंद होतं. पुढच्या वर्षी शाळेच्या पटावर तीन नावं कमी. मग शिक्षक एक कमी. माझ्या वरच्या हिशेबात चारशे गायी धरल्या होत्या. आज यंत्रांच्या आणि जमिनीच्या किमती बघता चारशेवर भागत नाही, असं तिथले लोकच सांगतात. आकडा सहाशेवर गेला की भागाकार पुन्हा करावा लागेल आणि उत्तर आणखी लहान येईल. ‘भरलेली’ काउंटी अशी आतून हलत असते.

हे सगळं मी एका सत्तरीच्या गृहस्थांना विचारलं. डागणीच्या जेवणात ते माझ्याशेजारी बसले होते, थाळीत तिसऱ्यांदा बीन्स वाढून घेत. इथे अजून माणसं यावीत असं वाटतं का? ते म्हणाले, ‘थोडी आली तर बरं. फार नकोत. गवताला चालणार नाही.’ मग तुमच्यामागे कोण बघणार हे सगळं? त्यांची मुलगी लिंकनला नर्स आहे. तिला यायचंय, गायींतलं सगळं येतं तिला, व्हॅलेंटाइनच्या हॉस्पिटलात नोकरीही मिळेल म्हणाले. मग अडलंय कुठे?

‘जावयाला,’ म्हणाले, ‘गवताची ॲलर्जी आहे.’